खोली रिकामी करण्याआधी : पाळक आणि वडील मंडळास खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि वडील मंडळातील बंधूंनो,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

येत्या वार्षिक सभेपुढे तुम्ही ठेवलेला ठराव वाचला. उपासना मंदिरामागची सामानाची खोली रिकामी करायची, तिथे ‘बायबलआधारित समुपदेशन केंद्र’ सुरू करायचं, दारावर पाटी लावायची, दोघा बंधूंना सहा शनिवारांच्या प्रशिक्षणाला पाठवायचं आणि दर रविवारी उपासनेनंतर एक तास खोली उघडी ठेवायची. ठराव चांगल्या मनाने मांडला आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही मी त्याला हात वर करणार नाही. का, ते सभेत मिळणाऱ्या तीन मिनिटांत सांगून होणार नाही, म्हणून हे पत्र. आणि उघड लिहितोय ते अशासाठी, की असे ठराव आणखी पुष्कळ मंडळ्यांत (चर्चमध्ये) होत असतील आणि तिथेही माझ्यासारखा कुणीतरी मागच्या बाकावर गप्प बसला असेल.

आधी माझं सांगतो, नाहीतर पुढचं सगळं उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं वाटेल.

मी नऊ वर्षं वडील मंडळात, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांत होतो. त्यातल्या एका रविवारी उपासना संपली होती, मुलं खुर्च्या एकावर एक रचत होती, आणि दानाची मोजदाद करायला खजिनदार माझी वाट पाहत उभे होते. एक बहीण जवळ आली. म्हणाली, “भाऊ, घरी जावंसं वाटत नाही.” एवढंच. मी एकही प्रश्न विचारला नाही. नवराबायकोचं काहीतरी बिनसलंय हे मी मनाशी ठरवून टाकलं, बायबलमधलं मलाखी २:१६ काढलं, देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे हे वाचून दाखवलं आणि दोन मिनिटांची प्रार्थना केली. तिने आमेन म्हटलं. मग ती तिच्या बायबलच्या कव्हरची चेन लावू लागली. चेन कोपऱ्यात अडकली होती. ती बराच वेळ ती चेन मागेपुढे करत राहिली आणि मी मोजदादीच्या टेबलाकडे बघत राहिलो. शेवटी तशीच अर्धवट उघडी चेन घेऊन ती गेली.

नंतर कितीतरी रात्री मी त्या चेनचा विचार केला. ती तिला लावायचीच नव्हती. ती मला आणखी अर्धं मिनिट देत होती.

पुढचं तुमच्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. दीड वर्षाने ती हात प्लास्टरमध्ये घेऊन माहेरी गेली, आणि घरात लग्नापासून काय चाललं होतं ते मग मंडळीला कळलं. ती आपल्याकडे परत आली नाही. दुसऱ्या मंडळीत जाते असं ऐकतो, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. त्यानंतर कधीतरी मी मलाखीची ती ओवी पुन्हा उघडली. त्याच ओवीत, मी जिथे वाचायचं थांबलो होतो त्याच्या पुढेच, आपलं वस्त्र जुलमाने माखणाऱ्या पुरुषाबद्दल लिहिलं आहे. म्हणजे मी तिला अर्धी ओवी दिली होती, आणि नेमकी तिच्या नवऱ्याच्या उपयोगाची.

वचन खोटं नव्हतं. मी ते बायबलमधूनच दिलं होतं. म्हणून ‘बायबलआधारित’ हा शब्द पाटीवर वाचला की माझ्या पोटात गोळा येतो. बायबलमधली ओवी सांगितली म्हणजे सल्ला बायबलचा झाला, असं नसतं. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तिघे मित्र देवाविषयी जे बोलले, त्यातली कितीतरी वाक्यं सुटी करून भिंतीवर लावली तर आपण खुशाल आमेन म्हणू. तरी शेवटी देवाचा कोप त्यांच्यावरच भडकला. आणि गंमत अशी, की ते तिघे आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले होते, एक शब्द न बोलता. त्यांची तेवढी सेवा चांगली झाली. बिघडलं ते आठव्या दिवशी, तोंड उघडल्यावर.

आता ठरावाकडे येतो. त्यात एक गृहीत आहे, की आपल्याकडे समुपदेशन नाही आणि ते आता सुरू करायचं आहे. बंधूंनो, ते रोज चालू आहे. दारात हात मिळवताना चालतं, भगिनी मंडळाच्या सभेनंतर चालतं, रात्री अकराला फोनवर चालतं, आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अखंड चालतं. मूल दगावलेल्या आईला कुणीतरी म्हणतं, “देवाची योजना असते.” नोकरी गेलेल्याला कुणी विचारतं, “मिळकतीचा दशांश देत होतास ना?” झोप उडालेल्या मुलीला सांगतात, कशाचीही चिंता करू नका असं लिहिलंय ना. हे सगळं समुपदेशनच आहे, फक्त बिनहिशेबी. नीतिसूत्रे २५:२० मध्ये म्हटलं आहे, की खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवसात त्याच्या अंगावरचं पांघरूण काढून घेणं. आपल्या मंडळीत अशी किती पांघरुणं ओढली जातात, हे एकदा मोजायला हवं. खोलीतला तो एक तास बाकीच्या आठवड्याचं काय करणार?

बायबलआधारित समुपदेशनाच्या ज्या चळवळीचा ठरावात उल्लेख आहे, तिच्याबद्दल थोडं. १९७० साली जे ॲडम्स या अमेरिकी पाळकांनी ‘कॉम्पिटंट टू कौन्सेल’ हे पुस्तक लिहिलं. माणसाच्या मनाचं काही दुखलं की पाळकाने हात झटकून त्याला तज्ज्ञाकडे पाठवायचं, ही तेव्हा तिथली रीत होऊन बसली होती. ॲडम्स त्याविरुद्ध उभे राहिले. रोमकरांस पत्र १५:१४ वर त्यांनी बोट ठेवलं. तिथे प्रेषित पौल साध्या विश्वासणाऱ्यांना सांगतो, की तुम्ही एकमेकांना बोध करायला समर्थ आहात. पाळकांना नाही, सगळ्या मंडळीला. मूळ ग्रीक शब्द ‘नूथेतेओ’, म्हणजे समज देणं, कान उघडणं. त्या शब्दावरून त्या पद्धतीला नूथेटिक समुपदेशन म्हणू लागले आणि १९७६ मध्ये त्याच नावाची संघटनाही उभी राहिली.

ॲडम्स यांचा मुद्दा मला पटतो. मंडळीने आपलं काम दुसऱ्यावर ढकलू नये. पण एका शब्दावर घर बांधलं की त्या शब्दाची सावली घरभर पडते. प्रत्येक दुःखाच्या तळाशी पाप शोधायची सवय त्या पद्धतीला लागली, अशी टीका बाहेरून झाली, आणि पुढे आतूनही झाली. त्याच चळवळीतले डेव्हिड पॉवलिसन आणि त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी सोसणाऱ्या माणसाकडे लक्ष वळवलं. समोर बसलेला पाप करतो तसा सोसतोही, हे त्यांनी लावून धरलं. २०१३ मध्ये त्या जुन्या संघटनेने आपल्या नावातून नूथेटिक हा शब्दच काढून टाकला. आपल्या दोघा बंधूंना ज्या प्रशिक्षणाला पाठवायचं आहे, ते यातल्या कुठल्या पिढीचं आहे हे कुणी विचारलं का?

खरं तर पौलानेच हे सोपं करून ठेवलं आहे. १ थेस्सलनीकाकरांस ५:१४ काढा. अव्यवस्थित वागणाऱ्याला समज द्या, खचलेल्याला धीर द्या, अशक्ताला आधार द्या, आणि सगळ्यांशी सहनशीलतेने वागा. ‘नूथेतेओ’ हा शब्द तिथे फक्त पहिल्यासाठी आहे. खचलेल्यासाठी वेगळं क्रियापद, अशक्तासाठी आणखी वेगळं. समोरचा यातला कोण, हे ऐकल्याशिवाय कळणार कसं? मी त्या बहिणीला अव्यवस्थित समजलो. ती खचलेली होती, आणि अशक्तही. खचलेल्याला समज दिली की तो आणखी खचतो, आणि अव्यवस्थित माणसाला नुसता धीर दिला की त्याचं फावतं. तिच्या नवऱ्याला आपण वर्षानुवर्षं नुसता धीरच देत होतो. तो ढोलकी छान वाजवायचा.

आणि समज द्यायचीच असेल तर तीही कशी? इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना पौल म्हणतो, की तीन वर्षं रात्रंदिवस अश्रू गाळत मी तुम्हाला बोध केला. शब्द तोच, नूथेतेओ. आपल्याकडे बोध करणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी मी तरी अजून पाहिलेलं नाही, माझ्या स्वतःच्या धरून.

आजार आणि डॉक्टर याबद्दल ठरावात एक ओळ आहे : “शक्यतो वचनाने, गरज पडल्यास बाहेरील मदत.” ही ओळ काढा. ती धोक्याची आहे. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला काय दिलं? भाकर आणि पाणी. तो पुन्हा झोपला. पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. होरेबचा डोंगर आणि देवाचा तो मंद स्वर त्यानंतर. लूक वैद्य होता, आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याच्या पोटदुखीवर पौलाने प्रार्थनेबरोबर उपायही लिहून पाठवला. मग मनाच्या आजारावर गोळी घेणाऱ्या भावाला आपण विश्वासात कमी का समजतो? पाळकाने किंवा समुपदेशकाने कुणालाही औषध बंद करायला सांगू नये, हे मी ठरावात पांढऱ्यावर काळं झालेलं पाहू इच्छितो. त्या अधिकाराचं वचन मला बायबलमध्ये सापडलेलं नाही.

डॉक्टरकडे पाठवलं म्हणजे मंडळी सुटली, असंही नाही. इथे मला जॉन न्यूटन आठवतात. ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिणारे, गुलामांच्या जहाजाचे कप्तान राहिलेले, पुढे इंग्लंडमधल्या ऑल्नी गावात पाळक झालेले. कवी विल्यम कूपर १७६७ मध्ये त्यांच्या शेजारी राहायला आला. त्याआधी त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता, आणि नथॅनिएल कॉटन नावाच्या डॉक्टरांकडे उपचार घेताना तो विश्वासात आला होता. म्हणजे डॉक्टरच्या घरी प्रभू भेटला. ऑल्नीत न्यूटन आणि तो मिळून गीतं लिहू लागले. मग १७७३ च्या जानेवारीत तो पुन्हा कोसळला. देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे, ही त्याची खात्री झाली. एप्रिलमध्ये तो न्यूटन यांच्या घरी आला आणि वर्षभराहून जास्त तिथेच राहिला. तिथे असतानाही त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. न्यूटन पतिपत्नींनी त्याला घराबाहेर काढलं नाही.

आणि तो पूर्ण बरा झाला का? नाही. १८०० साली मरेपर्यंत ते सावट पुरतं हटलं नाही, तो पुन्हा उपासनेला गेला नाही. आपल्या साक्षीच्या सभेत ही गोष्ट सांगता येणार नाही, कारण तिचा शेवट हालेलूयाने होत नाही. पण बायबलमध्ये स्तोत्र ८८ आहे, आणि तेही अंधारातच संपतं. मंडळीतल्या समुपदेशनाबद्दल मला कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो. डॉक्टरांकडे नाही ते आपल्याकडे आहे : वर्षभर उघडं राहणारं घर, रोजचं जेवण, शेजारची खुर्ची, आणि तो माणूस प्रार्थना करू शकत नाही तेव्हा त्याच्यासाठी करणारी दुसरी माणसं.

गुपिताचा प्रश्न मात्र मला सर्वांत जास्त बोचतो, आणि ठरावात त्यावर अक्षर नाही. आपल्याकडे चहाडीला एक पवित्र नाव आहे, प्रार्थनाविषय. “त्या अमक्या कुटुंबासाठी विशेष प्रार्थना करा, जास्त सांगत नाही.” एवढं पुरतं. बुधवारी पाळकांना सांगितलेलं शुक्रवारच्या प्रार्थनासभेत येतं आणि रविवारी उपदेशात उदाहरण म्हणून, नाव न घेता, पण पाहुण्याशिवाय सगळ्यांना कळेल असं. पाळकसाहेब, राग मानू नका, हे तुमच्याकडूनही झालं आहे. तुमच्या आधीच्यांकडून झालं आणि माझ्याकडूनही. एका तरुणाने आपली सवय मोठ्या धाडसाने कबूल केली होती. त्याचं नाव ग्रुपवर ‘बंधनातून सुटकेसाठी’ म्हणून आलं. तो आता कुणालाच काही सांगत नाही. एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा, असं याकोब सांगतो. ते करायला माणसाला भिंतीएवढा भरवसा लागतो.

पण भिंतीला दारही हवं. लेकराच्या अंगाला कुणी हात लावला असेल, घरात मारहाण होत असेल, कुणी जीव देण्याचं बोलत असेल, तर तिथे ‘आपल्यातच मिटवू’ चालणार नाही. अशा वेळी मत्तय १८ पुढे केलं जातं, आधी एकांतात जाऊन बोला म्हणून. तो अध्याय भावाने भावाचा अपराध केल्यावर काय करायचं ते सांगतो. गुन्हा लपवायची सोय म्हणून तो लिहिलेला नाही. त्याच अध्यायात, थोडं वर, लहानग्यांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधायची भाषा प्रभूने केली आहे. आणि तलवार धारण करणारा अधिकारी देवाचाच सेवक आहे, हे रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात आपण दर निवडणुकीआधी वाचतो. पोलिसांत जाण्याने प्रभूच्या नावाला बट्टा लागत नाही. तो लपवण्याने लागतो. काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, हे बोलायला बसण्याआधीच समोरच्याला स्पष्ट सांगितलं पाहिजे.

आता माणसांचं. दोघे बंधू निवडलेत. दोघेही भले आहेत. पण मंडळीत अर्ध्याहून जास्त बहिणी आहेत आणि त्यांनी त्या बंद खोलीत जाऊन नेमकं काय, कुणाला सांगायचं? तीताच्या पत्रात वृद्ध स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावं असं स्पष्ट आहे. आपल्याकडे अशा तीन-चार जणी आहेत ज्यांच्याकडे मुली आधीच जातात, पाटीशिवाय. त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही, पण त्या मध्येच तोडत नाहीत. मी ज्या बहिणीबद्दल लिहिलं, ती माझ्याकडे येण्याआधी यांच्यातल्या एकीकडे गेली होती, हे मला फार उशिरा समजलं. त्या माउलीने तिला वडील मंडळाकडे जा म्हटलं, कारण निर्णय तिथे होतात. तिने आपल्यावर विश्वास ठेवला होता.

पाळकसाहेबांना वेळ नाही, हे मला मान्य आहे. मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, तेच सांगितलं होतं, की सकाळपासून संध्याकाळपर्यंत तू एकटा बसलास तर तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. दहांवर! एका माणसाला दहाच जण. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावी रिचर्ड बॅक्स्टर नावाचे पाळक सोमवार-मंगळवार कुटुंबांना भेटण्यातच घालवायचे. आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबं, म्हणजे आठशेहून जास्त कुटुंबांच्या त्या मंडळीत वर्षभरात सर्वांशी बोलणं व्हायचं. दहा वर्षांच्या उपदेशाने जे झालं नाही ते अर्ध्या तासाच्या समोरासमोर बोलण्याने काहींच्या बाबतीत झालं, असा अनुभव त्यांनी लिहून ठेवला आहे. आपली कुटुंबं त्यांच्या एक-दशांशही नाहीत. आणि वडील सात आहेत. मागच्या वर्षभरात तुमच्यापैकी प्रत्येकाने किती घरांत, वर्गणी किंवा वाढदिवस हे निमित्त नसताना, पाऊल टाकलं ते सभेत सांगाल का?

म्हणून माझी विनंती अशी. ठराव वर्षभर पुढे ढकला. तेवढ्यात वडिलांनी आणि त्या तीन-चार बहिणींनी घरं वाटून घ्यावीत आणि नुसतं ऐकायला जावं. पहिल्या भेटीत वचन देऊ नये. हो, मुद्दाम लिहितोय. वचन पळून जात नाही. ऐकण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आहे आणि त्यात लाज आहे, हे नीतिसूत्रेच म्हणतात. दुसऱ्या, तिसऱ्या भेटीत माणूस आपल्या तोंडाने विचारतो, “देव यावर काय म्हणतो?” तेव्हा काढलेली ओवी पूर्ण वाचली जाते. माझ्या सध्याच्या शेजाऱ्याच्या बाबतीत तो प्रश्न यायला चार महिने लागले. तोवर आम्ही बहुतेक क्रिकेटवर बोललो.

वर्षानंतर जे दिसेल त्यावरून ठरवा, कुणाला प्रशिक्षणाला पाठवायचं आणि कशाच्या. कदाचित खोली लागेलही. लागली तर तिच्या दाराला काच बसवा, पाटी लावू नका, आणि रविवारी उपासनेनंतर ती उघडू नका, कारण त्या वेळी आत कोण गेलं हे साऱ्या मंडळीला चहा पिताना दिसतं.

आणि सभेने तरीही आत्ताच ठराव संमत केला, तर माझी नाराजी धरून बसणार नाही. त्या खोलीत जुन्या खुर्च्या, नाताळच्या नाटकाचा गोठा आणि मोजदादीचं ते टेबल आहे. हलवायला माणसं लागतील. शनिवारी सकाळी मी मोकळा असतो, कळवा.

प्रभूमध्ये आपला बंधू,
वडील मंडळाचा एक माजी सदस्य